पॅराकॉर्डपासून ट्रेकिंग शूजच्या लेस घरी बनवता येतात का?

हो, येतात की! पॅराकॉर्ड म्हणजे मुळात पॅराशूटची दोरी. माझ्या ट्रेकच्या बुटांना गेली तीन वर्षं घरी केलेल्याच लेस आहेत. पण तुम्ही लिहिलंय की तुमची लेस दर वेळी वरच्या हुकापाशीच तुटते, तर दोरी आणण्याआधी तो हुक बघा. कापसाचा बोळा हुकावरून आणि प्रत्येक भोकाच्या कडेवरून फिरवा, तंतू अडकले तर तिथे धार आलीये, ती बारीक पॉलिश पेपरने घासून काढा, नाहीतर कितीही दणकट दोरी घाला ती तिथेच कुरतडली जाणार. माझी लेस राजमाचीच्या वाटेवर भर पावसात अशीच तुटली होती, मग पुढे सगळं सुतळी बांधून चालले, चिखलात बूट सारखा निघत होता आणि टाचेला हे मोठाले फोड.

दोरी ४ मिमीची ५५० पॅराकॉर्ड घ्या, नायलॉनचीच. ५५० म्हणजे ती ५५० पाउंड, साधारण २५० किलो ताण घेते. वर विणलेली खोळ आणि आत बहुतेक वेळा ७ धागे असतात. बुटाला एवढी ताकद लागतच नाही, म्हणून मी आतले धागे सरळ ओढून काढते, मग खोळ चपटी होते, भोकातून पटकन जाते आणि गाठ धरून ठेवते, आख्खी गोल दोरी घातली की गाठ सारखी सुटते. काढलेले धागे फेकू नका हां, सॅकची शिवण उसवली की तेच कामी येतात. मुंबईत मस्जिद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर दोऱ्यांची दुकानं आहेत, तिथे बघा. शंका आली तर तुकडा पाण्यात बुडवून चांगला पिळा, नायलॉन बुडतं, साधी प्लास्टिकची दोरी तरंगते.

कापायच्या आधी दोरी अर्धा तास गरम पाण्यात ठेवून वाळवा, नायलॉन थोडं आटतं, नंतर आटलं तर लेस आखूड पडते. जुनी लेस मोजा (तुटली असेल तर दोन्ही तुकडे मिळून) आणि वर १० सेंमी जास्त धरा.

खरी मेहनत टोकाला. टोक तिरकं कापा, लायटरच्या ज्योतीत न घालता जवळ धरा, वितळायला लागलं की चमच्याच्या पाठीने दाबत गोल करा. बोटाने अजिबात नाही, वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं आणि वाईट भाजतं. त्यावर २ सेंमी हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आक्रसून घट्ट बसणारी प्लास्टिकची नळी) चढवून जराशी शेकवली की दुकानातल्यासारखं टोक तयार होतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला ही ट्यूब कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल.

आणि बांधताना सुरगाठीच्या पाकळ्या बुटाला आडव्या बसल्या पाहिजेत, उभ्या राहिल्या तर पहिली अढी उलट्या बाजूने घाला, नाहीतर ती गाठ चालता चालता सुटते. नायलॉन भिजलं की थोडं ताणतं, त्यामुळे पावसात निघालात तर अर्ध्या तासाने एकदा थांबून परत आवळून घ्या.