समुद्रात गेलेल्या युद्धकैद्याचे स्मरण पुण्यात राहून कसे करावे?

आपले पणजोबा मराठा पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात गेले, लिबियातील टोब्रुकला पकडले गेले आणि कैदी म्हणून इटलीला नेले जात असताना समुद्रातच संपले. त्यांची कबर नाही, घरात छायाचित्रही नाही, तर पुण्यात राहून त्यांचे स्मरण कसे करावे, असे आपण विचारले आहे. माझ्या आजोबांचे थोरले बंधू याच वाटेने गेले, म्हणून हे लिहीत आहे.

माझे सांगणे एवढेच, की आधी तारीख आणि जहाज शोधा. आमच्या घरी कित्येक वर्षे ‘थोरले आफ्रिकेच्या लढाईत गेले’ एवढेच वाक्य होते. २१ जून १९४२ रोजी टोब्रुक पडले तेव्हा सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. त्यांत अकराव्या हिंदी ब्रिगेडमधील पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटणही होती. या कैद्यांना मालवाहू जहाजांच्या तळघरात कोंबून इटलीकडे पाठवले जाई आणि वरून पाहणाऱ्याला ते साधे शत्रूचे मालवाहू जहाजच दिसे. १७ ऑगस्ट १९४२ रोजी ‘नीनो बिक्सिओ’ या जहाजावर पाणतीर आदळले आणि तीनशेहून अधिक कैदी मेले. १३ ऑक्टोबर १९४२ रोजी हिंदी कैद्यांना घेऊन निघालेले ‘लोरेतो’ सिसिलीतील पालेर्मोजवळ बुडाले. आमचे हे थोरले आजोबा या ‘लोरेतो’वर होते.

दोन्ही जहाजांवर पाणतीर सोडले ते ब्रिटिश पाणबुड्यांनी, म्हणजे ज्या सैन्यात ही माणसे लढत होती त्याच बाजूच्या पाणबुड्यांनी. हे कळल्यावर घरातील वडीलधाऱ्यांना सांगावे की नाही, असा प्रश्न मला पडला होता. मी सांगितले. माझे काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, निदान खरे काय ते कळले. आपणही ही बाजू झाकून ठेवू नये असे मला वाटते, कारण ज्याचे मरण आपण अर्धेच सांगतो त्याचे स्मरणही अर्धेच राहते.

नोंदीसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या महायुद्धांतील मृत सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेची यादी संगणकावर विनामूल्य पाहता येते. त्यात आडनावाने शोधू लागलात तर निराश व्हाल, कारण मराठी नावे साहेबी कानांना जशी ऐकू आली तशी लिहिलेली आहेत आणि कित्येकदा आडनावच नाही. पलटण, मृत्यूचा दिनांक आणि गाव यांच्या आधारे शोधावे. घरात निवृत्तिवेतनाचा किंवा तारेचा एखादा कागद असेल आणि त्यावर शिपाई क्रमांक असेल तर काम फारच सोपे होते. ज्यांना कबर नाही त्यांची नावे स्मारकांच्या भिंतींवर कोरलेली असतात. इजिप्त आणि लिबियाच्या मोहिमांतील अशा नावांसाठी इजिप्तमधील अलामेनचे स्मारक आहे, तर मलायात पकडल्या गेलेल्या आणि पुढे समुद्रात गेलेल्यांची नावे सिंगापूरच्या क्रांजी येथे आहेत.

पुण्यात त्यांच्यासाठी नेमकी जागा नाही, हे मान्य करावे लागते. घोरपडीजवळचे युद्धस्मारक स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांचे आहे. खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिक आहेत, परंतु त्यांना निदान माती मिळाली. तरीही मी दरवर्षी १३ ऑक्टोबरला खडकीलाच जातो. तेथील ओळींमधून चालताना, घरापासून हजारो मैलांवर पुरलेल्या त्या पोरांच्या वयाचे आकडे वाचताना, आमचे थोरले आजोबा मला घरातल्या त्या वाक्यापेक्षा अधिक जवळ वाटतात.

धार्मिक विधीबद्दल आपण विचारले नाही, पण आमच्याकडे खरी अडचण तीच होती. देह न मिळालेल्या माणसासाठी पळसाच्या पानांची प्रतिमा करून पालाशविधी करतात; पणजीने तो होऊ दिला नाही. देह नाही तर मरणही नाही, असे तिचे म्हणणे होते आणि त्या हट्टापुढे कोणाचे काही चालले नाही. तिच्या पश्चात सर्वपित्री अमावास्येला सगळ्यांसोबत त्यांचेही पान वाढले जाई. तारीख हाती आल्यावर मी जुने पंचांग उघडले, तर त्या दिवशी नवरात्र चालू होते. म्हणजे ‘लोरेतो’ बुडाले तेव्हा सातारा जिल्ह्यातील आमच्या घरात देवीपुढे अखंड दिवा तेवत असणार आणि पणजी त्यात तेल घालत असणार. ही एक गोष्ट कळल्यानंतर मला दोन दिवस दुसरे काही सुचले नाही. आमच्या गुरुजींनी सांगितले, की शस्त्राने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध पितृपक्षातील चतुर्दशीला करावे. तेव्हापासून आम्ही त्या दिवशी ओंकारेश्वराच्या घाटावर तर्पण करतो.

आपल्याला नोंद सापडली, तर ती छापून घ्या आणि त्यातील प्रत्येक ओळ घरातल्यांना मराठीत वाचून दाखवा. आमच्या नोंदीत नावाखाली ‘अमुक आणि अमुक यांचा मुलगा’ असे लिहिले आहे. पणजीला लिहिता-वाचता येत नव्हते आणि सातबाऱ्यावरही तिचे नाव कधी लागले नाही. ते छापलेले मी पाहिले आहे ते फक्त त्या एका ओळीत, तिच्या मुलाच्या नावाखाली.