यंत्र आलं, पुढे काय?

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात एक प्रश्न आहे आणि एक पेच. प्रश्न असा, की तंत्रज्ञानामुळे देश पुढे जातो, की पुढे गेलेल्या देशालाच तंत्रज्ञान पेलतं? आणि पेच दोन नोकऱ्यांचा. एक कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या नव्या कंपनीतली, दुसरी यंत्रांच्या चाचण्या घेऊन प्रमाणपत्रं देणाऱ्या प्रयोगशाळेतली. दुसरीला तू ‘कंटाळवाणी’ म्हटलं आहेस. पेचाकडे शेवटी येतो. प्रश्नाचं उत्तर थोडं जरी लागलं, तरी पेचाची धार कमी होईल असं मला वाटतं.

‘आधी कोण’ या वादात तू पडू नकोस. त्यातून परिसंवाद रंगतात, हाती काही लागत नाही. त्यापेक्षा एकच यंत्र दोन देशांत गेलं तेव्हा काय झालं, ते बघ. रेल्वे घे. भारतात पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये धावली. जपानमध्ये १८७२ मध्ये, शिंबाशी ते योकोहामा, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं उशिरा. सुरुवात दोन्हीकडे सारखीच: इंजिनं इंग्लंडची, मोठे अभियंते इंग्रज, गाडी हाकणारेही इंग्रजच. १९०० पर्यंत भारतातलं लोहमार्गांचं जाळं सुमारे चाळीस हजार किलोमीटरवर गेलं होतं. जगातल्या सर्वांत मोठ्या जाळ्यांत त्याची गणना होत असे; जपानचं जाळं त्याच्या पासंगालाही पुरत नव्हतं. किलोमीटर हेच विकासाचं माप धरलं, तर भारत केव्हाच जिंकला होता.

आता दुसरं माप लाव. जपानी चालक १८७९ पासून गाड्या हाकू लागले. क्योतो आणि ओत्सु यांच्यामधला ओसाकायामा बोगदा १८८० मध्ये जपानी अभियंत्यांनी परदेशी देखरेखीशिवाय पुरा केला. १८९३ मध्ये कोबेच्या कारखान्यातून देशात बांधलेलं पहिलं इंजिन बाहेर पडलं; त्या कामावर देखरेख एका इंग्रजाचीच होती. भारतात तसं पहिलं इंजिन अजमेरच्या कारखान्यात १८९५ मध्ये तयार झालं. वर्षं फार लांबची नाहीत, पण पुढची कथा बघ. १९१० च्या दशकात जपानने बाहेरून इंजिनं घेणं जवळपास थांबवलं. भारतात मात्र स्वातंत्र्यापर्यंत बहुतेक इंजिनं विलायतेहूनच येत राहिली. स्वतःची इंजिनं नेमाने बांधायला चित्तरंजनचा कारखाना उभा राहावा लागला, आणि तो उभा राहिला १९५० मध्ये.

भारतातल्या कारागिरांच्या हातात कसब कमी होतं असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. अजमेर आणि जमालपूरच्या कारखान्यांत अवघड दुरुस्त्या रोज होत होत्या. फरक होता तो निर्णय कुणाच्या हातात होते याचा. भारतातल्या रेल्वे कंपन्या इंग्रज भांडवलावर उभ्या होत्या. त्या भांडवलावर साधारण पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती, आणि तूट पडली तर ती इथल्या तिजोरीतून भरली जाई. खर्च आटोक्यात ठेवण्याची घाई कुणालाच नव्हती आणि इथे माणूस घडवण्याची तर त्याहून नव्हती. वरच्या तांत्रिक जागा बराच काळ युरोपियनांसाठी राखलेल्याच होत्या. जपानमध्ये उलट परिस्थिती. परदेशी तज्ज्ञांचे पगार सरकारला इतके जड जात, की त्यांच्या जागी आपली माणसं तयार करणं ही हौस उरली नव्हती, निकड झाली होती. रेल्वेचा प्रमुख इनोउए मासारू स्वतः तरुणपणी, १८६३ मध्ये, देश सोडायला बंदी असताना लपून लंडनला जाऊन शिकला होता. त्याने १८७७ मध्ये ओसाका स्थानकातच अभियंत्यांसाठी शिक्षणवर्ग काढला. त्याआधी १८७३ मध्ये तोक्योत अभियांत्रिकीचं सरकारी महाविद्यालय सुरू झालं होतं. त्याचा प्राचार्य हेन्री डायर हा स्कॉटिश माणूस तेव्हा पंचविशीत होता. म्हणजे तुझ्याच वयाचा.

जपानचं कौतुक करताना हात जरा आखडता घे, हेही सांगून ठेवतो. ज्या दशकांत ही कारखानदारी उभी राहिली, त्याच दशकांत जपानने १८९५ मध्ये तैवान आणि १९१० मध्ये कोरिया घशात घातला. एका राष्ट्राचा विकास दुसऱ्याच्या मानेवर पाय ठेवूनही होतो, आणि लोहमार्ग त्यालाही तितक्याच इमानाने मदत करतात. तरी मुद्दा राहतोच. यंत्र विकत घेता येतं. ते बिघडलं की कुणाला बोलवायचं, पुढचं यंत्र कसं असावं हे कुणी ठरवायचं आणि चुकलं तर कुणाचा खिसा कापला जाणार, या गोष्टी यंत्राबरोबर खोक्यातून येत नाहीत. त्या देशाला स्वतः जमवाव्या लागतात. कुठल्याही देशात नवं तंत्रज्ञान आल्याची बातमी वाचलीस, की आधी हे तीन प्रश्न विचारून बघ. बातमीचा फुगा बराचसा तिथेच बसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेचे कारखाने विजेवर पळू लागले असतील, असं तुला वाटेल. शतक संपता संपता तिथल्या कारखान्यांतल्या यंत्रांना फिरवणाऱ्या एकूण शक्तीत विजेच्या मोटारींचा वाटा पाच टक्केही नव्हता. ज्यांनी वीज घेतली, त्यांनीही वाफेचं मोठं इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटार बसवली, एवढंच. सगळ्या यंत्रांना एकाच इंजिनाची गती पोचवणारे छतालगतचे लांब दांडे तेच, पट्टे तेच, एकावर एक चढलेल्या मजल्यांची इमारतही तीच. उत्पादकतेने खरी उसळी घेतली ती १९२० च्या दशकात. तोवर प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटार मिळाली होती आणि कारखाने एकमजली, पसरट बांधले जाऊ लागले होते. यंत्रं दांड्याच्या सोयीने मांडायची गरज संपली, ती कामाच्या क्रमाने मांडता आली. मधल्या काळात कारखानदार मूर्ख नव्हते. चालू इमारत पाडायला पैसा लागतो, आणि नव्या मांडणीत काम कसं करायचं हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

संगणकाच्या बाबतीतही असंच झालं. संगणकयुग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही, असा टोमणा अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये मारला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आज जे बोललं जातं, त्यातलं किती खरं ठरेल हे मी सांगू शकत नाही. एवढं मात्र जाणवतं, की बहुतेक कार्यालयं सध्या जुन्याच दांड्याला नवी मोटार जोडत आहेत. पाच सह्यांची फाईल पाच सह्यांचीच राहिली आहे, फक्त तिचा मसुदा आता यंत्र लिहितं. तू त्या कंपनीत गेलीस, तर तुमचं उत्पादन विकत घेणाऱ्यांनी कामाची कोणती पायरी खरोखर काढून टाकली, हे शोधत राहा. विक्री विभागाला हा प्रश्न आवडणार नाही.

आता उलट दिशा बघू: देश तंत्रज्ञानाला आकार देतो, तो कसा. इथे माझं आवडतं उदाहरण डेन्मार्कचं आहे, त्यामुळे जरा रेंगाळलो तर चालवून घे. १९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी तो देश ऊर्जेसाठी जवळजवळ पूर्णपणे आयात तेलावर होता. पवनऊर्जेचा विचार त्या काळात अनेक देशांत सुरू झाला. पश्चिम जर्मनीने नामांकित अभियंते आणि सरकारी पैसा लावून ‘ग्रोवियान’ ही अवाढव्य पवनचक्की उभारली. क्षमता तीन मेगावॅट, मनोरा सुमारे शंभर मीटर उंच. १९८३ ते १९८७ या काळात ती सगळी मिळून अवघे चारशे-सव्वाचारशे तास चालली, आणि मग ती उतरवली गेली. डेन्मार्कमध्ये मात्र सुतार, लोहार आणि शेतीची अवजारं बनवणारे छोटे कारखानदार वीस-तीस किलोवॅटच्या पवनचक्क्या बांधत होते. आज जगभर नाव असलेली व्हेस्टास त्यांतलीच; तीही आधी शेतीची यंत्रं बनवायची.

मग डेन्मार्कच्या सरकारने काय केलं? १९७८ मध्ये रिसो इथल्या संशोधन केंद्रात छोट्या पवनचक्क्यांसाठी चाचणीकेंद्र उघडलं. पुढच्या वर्षी पवनचक्की घेणाऱ्याला किमतीच्या तीस टक्के अनुदान जाहीर केलं, पण अट घातली की चक्की रिसोच्या चाचणीत उतरलेली हवी. एक ब्रेक निकामी झाला तर दुसरा हवाच, असा आग्रह रिसोच्या माणसांनी धरला. वादळात पाती तुटून उडाल्याचे प्रकार घडले होते, त्यामुळे त्या आग्रहाला अर्थ होता. या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. पवनचक्क्यांच्या मालकांनी संघटना काढली आणि कोणत्या कंपनीच्या चक्कीने किती वीज दिली, कुठे काय बिघडलं, याची आकडेवारी नियमित छापायला सुरुवात केली. वाईट चक्की विकणाऱ्याला लपायला जागाच उरली नाही. काही वर्षांत हेच छोटे उत्पादक कॅलिफोर्नियात निर्यात करू लागले, आणि आज डेन्मार्कच्या विजेतला निम्म्याहून अधिक भाग वाऱ्यापासून येतो. एवढ्या अनियमित विजेवर ग्रीड चालवायचं म्हणून तिथल्या लोकांना ग्रीडचं नवं शास्त्र शिकावं लागलं. ते ज्ञानही मग त्यांची मिळकत झालं. या गोष्टीत देशाने तंत्रज्ञान घडवलं की तंत्रज्ञानाने देश, हे मला वेगळं काढता येत नाही.

सरकार ग्राहक म्हणूनही हेच करतं. इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे आजची चिप, बाजारात आलं तेव्हा ते इतकं महाग होतं, की सुरुवातीच्या वर्षांत जवळपास सगळा माल अमेरिकी क्षेपणास्त्र आणि अंतराळ कार्यक्रमांनीच उचलला. किंमत उतरली ती त्यानंतर. बाजार सगळं ठरवतो असं तुला कंपनीत कुणीतरी सांगेलच, तेव्हा हे ध्यानात असू दे.

‘मधल्या पायऱ्या गाळून थेट पुढे’ या कल्पनेने तू भारावली आहेस, असं पत्रावरून दिसतं. उदाहरणही तू केनियाचं दिलं आहेस. ते खोटं नाही. २००७ मध्ये एम-पेसा सुरू झाली, लँडलाइन आणि बँकांच्या शाखा मोजक्याच असलेल्या देशात लोक फोनवरून पैसे पाठवू लागले. पण तिथेही मध्यवर्ती बँकेने कायदा तयार होईपर्यंत दार बंद ठेवलं नाही, देखरेख ठेवून वाट दिली. शिवाय रोख रक्कम घेणारे-देणारे हजारो एजंट गावोगाव बसवावे लागले. पायरी गाळली गेली ती तारांची. माणसांची आणि विश्वासाची पायरी चढावीच लागली. रस्ते, पाणी, वीज, शाळा यांच्या बाबतीत तर अशी उडी मी कुठे पाहिलेली नाही.

परदेशी जावं का, हे तू पत्राच्या तळाशी घाईघाईत विचारलं आहेस. जा की. तैवानने १९७६ मध्ये आरसीए या अमेरिकी कंपनीशी करार करून आपल्या तरुण अभियंत्यांना चिप बनवायला शिकण्यासाठी तिकडे धाडलं होतं. ते परतले तेव्हा सरकारी संशोधन संस्थेत त्यांच्यासाठी प्रायोगिक कारखाना उभा राहिला. चिप-उद्योगात मुरलेले मॉरिस चांग १९८५ मध्ये अमेरिकेतून तिथे आले आणि १९८७ मध्ये चिप बनवणारी टीएसएमसी ही कंपनी स्थापन झाली, ती या तयार जमिनीवर. माणसं बाहेर जातात याचं दुःख करणारे लेख खूप येतात. परत आलेल्याला हात चालवायला जागा कुठे आहे, हे विचारणारे फार थोडे.

आता तुझा पेच. प्रमाणपत्रांची नोकरी तुला कंटाळवाणी वाटते, म्हणून एकच गोष्ट सांगतो. १८९० च्या दशकात जपानच्या पूर्व भागाने जर्मन जनित्रं घेतली, सेकंदाला पन्नास आवर्तनांची वीज देणारी, म्हणजे ५० हर्ट्‌झची. पश्चिम भागाने अमेरिकी घेतली, ६० हर्ट्‌झची. सगळ्यांनी एक काय ते ठरवा, असं सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेत विजेचा तुटवडा पडला. पश्चिमेत वीज होती, पण आवर्तनं वेगळी असल्याने ती थेट जोडता येईना, जेमतेम हजार-बाराशे मेगावॅटच पलीकडे नेता येत होती. शंभर वर्षांपूर्वीच्या दोन खरेद्या, आणि आजही तो देश विजेच्या दृष्टीने दोन तुकड्यांत आहे. तुझी प्रयोगशाळा ज्या प्रकारचं काम करते, ते वेळेवर न झाल्याचा हा परिणाम.

म्हणून प्रयोगशाळेच्या मुलाखतीला जा, पण डोळे मिटून नको. गेल्या वर्षी किती नमुने नापास झाले, ते विचार. नापास झालेल्या उत्पादकाला कारण समजावून सांगितलं जातं का, तो सुधारून परत येतो का, आणि निकाल ग्राहकांना पाहता येतात का, तेही विचार. ‘आमच्याकडे सहसा कुणी नापास होत नाही’ असं अभिमानाने सांगितलं गेलं, तर चहा घेऊन निघ आणि कंपनीला होकार कळव. आकडे काढून समोर ठेवले, तर मात्र पगारातला फरक किती आहे ते मला लिही. बाकीचं आपण मग बोलू.