वाचकांचे प्रश्न : बोटे उचलल्यावर सूर कोणी धरायचे?

प्रश्न : आर्डुइनो उनो हे प्रोग्रॅम करता येणारे छोटे सर्किट बोर्ड वापरून मी घरीच एक आर्पेजिएटर तयार केला आहे. मिडी (वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवण्याची पद्धत) कीबोर्डवर कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले काही सूर, धरली की तिचे सूर एकामागून एक वाजत राहतात. हात मोकळा व्हावा म्हणून त्याला बोटे उचलल्यावरही सूर चालू ठेवणारे ‘होल्ड’चे बटण बसवले, पण होल्ड चालू असताना दुसरी कॉर्ड दाबली की तिचे सूर पहिलीतच मिसळतात. नवी पट्टी दाबताच जुने सगळे पुसावे असे लिहून पाहिले, तर कॉर्डमधला शेवटचा एकच सूर उरतो. मी मूळचा हार्मोनियमवादक आहे. यातून मार्ग काय?

उत्तर : आपल्या प्रोग्रॅममध्ये एकाच यादीवर दोन कामे पडली आहेत, हे अडचणीचे मूळ आहे. या क्षणी कोणत्या पट्ट्या दाबलेल्या आहेत आणि या क्षणी कोणते सूर वाजायचे आहेत, हे होल्ड बंद असताना एकच असते. होल्ड चालू केला की ते वेगळे होते. म्हणून दोन स्वतंत्र याद्या ठेवाव्यात. नवी पट्टी दाबली गेली की आधी ‘दाबलेल्या’ यादीकडे पाहावे. ती रिकामी असेल, तर नवी कॉर्ड सुरू होत आहे असे मानून ‘वाजणारी’ यादी पुसावी. रिकामी नसेल, तर नवा सूर आहे त्यांत मिळवावा. सा-ग-प धरून हात उचलला आणि मग म-ध-सां दाबले, तर म येताना एकही पट्टी दाबलेली नसते, म्हणून जुने सूर जातात. ध येतो तेव्हा म खाली असतो, म्हणून तो पुसला न जाता त्याला ध जोडला जातो.

बोटे अगदी एकाच वेळी पडली तरी सूर असे एकेक करून जोडणे टळत नाही. मिडीच्या तारेवरून सेकंदाला ३१,२५० बिट जातात आणि तीन बाइटांच्या एका संदेशाला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. त्यामुळे यंत्रापर्यंत कॉर्डचे सूर नेहमी रांगेनेच पोहोचतात.

आपण हार्मोनियमवादक आहात, हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वरचा नियम प्रत्येक कॉर्डनंतर हात पूर्ण उचलणाऱ्यासाठी आहे. पेटीवर सूर तुटू नये म्हणून आपण पुढची पट्टी दाबल्यावरच मागची सोडत असाल. मग ‘दाबलेली’ यादी कधी रिकामीच होणार नाही आणि जुने सूर पुन्हा साचत जातील. यासाठी वर्षांची सवय मोडू नये, नियमच बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पट्टी सुटली आणि इतर पट्ट्या अजून खाली असल्या, तर तिचा सूर लगेच न काढता सुमारे ८० मिलिसेकंद थांबावे. तेवढ्यात सगळा हात वर गेला, तर वादकाने कॉर्ड सोडली असे समजून सर्व सूर कायम ठेवावेत. हात खालीच राहिला, तर तो पुढच्या कॉर्डकडे सरकला असे समजून सुटलेला सूर काढून टाकावा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे फार तर एखादाच जुना सूर निसटून वाजेल. ८० हा आकडा सुरुवातीपुरता आहे. आपल्या हाताच्या चालीप्रमाणे तो कमीजास्त करावा.

दाबलेल्या पट्ट्यांची नुसती संख्या मोजू नये. एखादा ‘सूर बंद’चा संदेश हुकला, तर ती संख्या पुन्हा शून्यावर येत नाही आणि नवी कॉर्ड कधीच ओळखली जात नाही. त्याऐवजी मिडीच्या १२८ सुरांसाठी एकेक बिट राखावा. त्याला १६ बाइट पुरतात आणि उनोच्या आर३ आवृत्तीकडेही २,०४८ बाइटांची रॅम आहे. काही कीबोर्ड पट्टी सोडल्यावर ‘सूर बंद’ न पाठवता शून्य व्हेलॉसिटीचा (पट्टी किती जोराने दाबली ते सांगणारा आकडा) ‘सूर चालू’ पाठवतात. त्याचाही अर्थ पट्टी सुटली असाच घ्यावा.

होल्ड बंद करताना सगळे सूर सरसकट तोडू नयेत. त्या क्षणी ज्या पट्ट्यांवर बोटे आहेत त्यांचे सूर चालू राहावेत, बाकीचे जावेत. सप्तक बदलण्याची सोय ठेवली असेल, तर सूर बंद करताना त्याचा क्रमांक नव्याने मोजू नये. सिंथेसायझरला (प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या विद्युत वाद्याला) प्रत्यक्ष जो क्रमांक पाठवला होता तोच लक्षात ठेवून बंद करावा, नाहीतर मधेच सप्तक बदलल्यावर एखादा सूर अडकून वाजतच राहतो.

१९८१ च्या कॉर्ग पॉलिसिक्स या सिंथेसायझरवर ‘लॅच’ नावाने हीच सोय होती. बटणाऐवजी पायाचे पेडल जोडता आले तर मी तेच सुचवीन, कारण दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले असतात. सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलचा मिडी कंट्रोलर (अशा नियंत्रणाचा संदेश) ६४ क्रमांकाचा आहे. ६४ व त्यावरील मूल्य म्हणजे पेडल दाबलेले. हा संदेश मात्र आपल्या यंत्रातच अडवावा. तो पुढे सिंथेसायझरपर्यंत गेला, तर आर्पेजिएटरने बंद केलेले सूरही तिथे लांबत राहतील आणि सुटा वाजणारा प्रत्येक सूर मागच्यात लडबडून जाईल.