एप्रिलात पिल्लं आणू नका दादा, आणि बाजारातली कोंबडी तर मुळीच नको

दादा, तुम्ही लिहिलंय की परभणीत घरामागं दोन गुंठे जागा रिकामी आहे, एप्रिलात वीस गिरिराज या सुधारित जातीची पिल्लं आणायचीत आणि आठवडी बाजारातून चार गावरान कोंबड्या घेऊन त्यांच्यात सोडायच्यात. मी लातूरकडच्या औशाचा. तेरा वर्षं झाली, परसात पंधरा-वीस कोंबड्या कायम असतात. तुमच्या बेतातल्या दोन गोष्टींनी माझ्या पोटात गोळा आला, म्हणून आधी त्याच सांगतो.

पहिली बाजारातली कोंबडी. 2014 साली पोळ्याच्या आधी बाजारातून एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, आणली. तुरा लालभडक, वजनाला भरलेली. संध्याकाळी सगळ्यांबरोबर खुराड्यात कोंडली. पाचव्या दिवशी ती पिसं फुगवून कोपऱ्यात बसली, हिरवट हगवण लागली आणि मान पिळवटली. मानमोडी. त्याला औषध नाही. आठ दिवसांत एकवीसपैकी अठरा गेल्या. खड्डा खोल खणून, चुना टाकून पुरल्या. आई दोन दिवस जेवली नाही. नंतर एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सांगितलं, घरात मर लागली की लोक उरलेल्या कोंबड्या आधी बाजारालाच काढतात. त्यात वाईट माणसं असतात असं नाही, अडलेली असतात. पण आजार असाच गावोगाव फिरतो.

तेव्हापासून नवी कोंबडी घेतलीच तर तीन आठवडे वाड्याच्या दुसऱ्या टोकाला. तिचं पाण्याचं भांडं वेगळं, आणि तिला दाणा शेवटी टाकायचा, म्हणजे तिच्याकडून जुन्यांकडे जाणं होत नाही.

लस घ्याच. पिल्लू सात दिवसांचं झालं की लासोटा, ही मानमोडीची पहिली लस, डोळ्यात एक थेंब. अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा. दोन महिन्यांची झाली की मानमोडीची दुसरी लस, तिला आरटूबी म्हणतात, ती टोचून देतात. अडचण अशी की कुपी येते शंभर कोंबड्यांची आणि एकदा कालवली की तास-दोन तासात संपवावी लागते. वीस पिल्लांसाठी कोण आणतो? म्हणून आम्ही गल्लीतली सहा घरं एकच तारीख धरतो. थर्मासात बर्फ घालून जनावरांच्या दवाखान्यातून कुपी आणायची आणि सकाळी ऊन चढायच्या आत घरोघर उरकायचं. तुमच्याकडेही चार घरं शोधा, लसीचा प्रश्न तिथंच सुटतो.

जानेवारी 2021 मध्ये तुमच्याच तालुक्यात मुरुंब्याला आठशेच्या आसपास कोंबड्या बर्ड फ्लूनं मेल्या, ते तुम्हाला आठवत असेल. मानमोडीची लस टोचली म्हणून बर्ड फ्लूची भीती जात नाही. एकदम दोन-तीन मेल्या तर उघड्या हातानं उचलू नका, उकिरड्यावर टाकू नका, सरळ जनावरांच्या दवाखान्यात कळवा.

आता एप्रिल. पिल्लाला पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब लागते, पुढं दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी. परभणीचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की तुम्ही ऊब देणार की गारवा? मोठ्या कोंबड्याही तेव्हा चोच उघडून धापा टाकतात, त्यांना घाम येत नाही. आमच्या पत्र्यावर तुराट्या आणि त्यावर कडबा अंथरलेला असतो, पश्चिमेला भिजवलेलं गोणपाट. दाणा पहाटे आणि दिवस बुडाल्यावर. दुपारी खायला घातलं की पचवताना अंग आणखी तापतं. पाण्याचं भांडं मातीचं, सावलीत, दिवसातून तीनदा बदललेलं. 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही म्हैस विकली, पण कोंबड्या राहिल्या. वीस कोंबड्यांना भर उन्हाळ्यात आठ-दहा लिटरात भागतं.

जात कुठली? माझं मत, दोन्ही ठेवा, पण कामं वेगळी. गिरिराज अंडी जास्त देते, पण खुडूक बसायचं, म्हणजे अंडी उबवायला बसायचं, ती जवळजवळ विसरलीय. गावरान वर्षाला साठ-सत्तरच देईल, पण खुडूक बसते, पिल्लं काढते आणि घार दिसली की पंखाखाली घेते. गिरिराजची अंडी गावरान खुडकीखाली ठेवायची. दहा-बारा, आठवड्याच्या आतली. सातव्या रात्री बॅटरीवर धरून बघा, आत शिरा दिसल्या नाहीत ते अंडं काढून टाका. एकविसाव्या दिवशी घरचीच पिल्लं. मग बाजाराची पायरी चढायला नको. आमची आई टोपल्यात लोखंडी खिळा ठेवते, ढग गडगडले तर अंडी नासू नयेत म्हणून. मी काही बोलत नाही.

नुसती अंडी खायची असतील तर कोंबडा लागत नाही, आणि शेजारी पहाटे चारला भांडायला येत नाहीत. पिल्लं काढायची तर मात्र लागतो.

खाण्यात एक चूक मी केली ती सांगतो. घरचं सोयाबीन होतं, भरडून कच्चंच घातलं. पिल्लं महिनाभर वाढेचनात. सोयाबीन भाजून घाला नाहीतर पेंड आणा. बाकी ज्वारी, मक्याची भरड, लसूणघास, शेवग्याचा पाला. अंड्यांचं कवच पातळ झालं तर शिंपल्यांचा चुरा. अंगावर उवा झाल्या तर चुलीची राख एका खड्ड्यात टाकून ठेवा, त्या आपसूक लोळतात.

फायद्याचं विचाराल तर दाणा विकत घेऊन वीस कोंबड्यांत पैसा राहत नाही. घरची अंडी होतात, दिवाळीला दोन कोंबडे विकले जातात, एवढंच.

तेव्हा पिल्लं दसऱ्याच्या सुमाराला आणा. पावसाळ्यातली ओल सरलेली असते, नाहीतर ओल्या भुशात रक्ती हगवण लागते. उन्हाळ्यापर्यंत ती अंड्यावर येतील. तोवर खुराडं बांधा, तोंड पूर्वेला, तळाला फरशी, कारण मुंगूस खालून उकरतं आणि एका रात्रीत सगळ्यांच्या माना फोडून जातं. आणि गच्चीचा जिना बंद करून घ्या. उन्हाळ्यात वहिनींच्या कुरडया वाळत असतील.