वाढीची ‘लक्षणे’ की वाढीचे ‘गुण’?

शेतीविषयक भाषांतरं करणाऱ्या एका वाचक भगिनीने विचारलं आहे, ‘देशी डुकरांच्या प्रजातींमधील जनुकीय बदल आणि वाढीची लक्षणे’ हे शीर्षक बरोबर आहे का?

व्याकरण ठीक आहे, पण यातले तीन शब्द वाचकाला भलतीकडे नेतात.

पहिला ‘प्रजाती’. गोव्याचं आगोंदा गोवन, बंगालचं घुंगरू, नागालँडचं तेन्यी वो, मिझोरामचं झोवॉक ही सगळी डुकरं शास्त्राच्या हिशेबाने एकच, सस स्क्रोफा. त्यांचा आपसात संकर होतो आणि पुढची वीणही चालते. बातम्यांतली ‘प्रजाती’ हिंदीच्या वाटेने आली. मराठी विश्वकोशात तर ती जातीच्या (स्पीशीजच्या) वरची पायरी, म्हणजे इथे ‘सस’. खिल्लार, देवणी, डांगी या गाईबैलांना आपण रोजच्या बोलण्यात ‘जात’ म्हणतो, तेच डुकरालाही लावावं. (‘वो’ आणि ‘वॉक’ यांचा अर्थ त्या त्या भाषेत डुक्करच, तेव्हा ‘झोवॉक डुक्कर’ लिहायची गरज नाही.)

‘जनुकीय बदल’ म्हटलं की मराठी वाचकाला बीटी वांगं आठवतं, कुणीतरी प्रयोगशाळेत मुद्दाम केलेला बदल. इथे तर मुळातच असलेले फरक सांगायचे आहेत. एमसी४आर या जनुकात एका ठिकाणी डीएनएच्या एकाच अक्षराचा फरक असतो आणि त्याचा संबंध डुकराची भूक, चरबी आणि वाढीचा वेग यांच्याशी सापडला आहे. अशा एका जागेच्या फरकाला ‘भेद’ म्हणावं आणि सगळ्या कळपात असे भेद किती, ती ‘विविधता’. शीर्षकाला ‘जनुकीय विविधता’ हवी.

‘लक्षणे’ मला सगळ्यात जास्त खटकतं. जनावराची लक्षणं म्हटली की पशुपालक आधी ताप आणि खोकला विचारणार. ‘वाढीचे गुण’ म्हणावं: जन्माचं वजन, दूध तोडतानाचं वजन, रोजची वजनवाढ, छातीचा घेर.

यावर कुणी म्हणेल, ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत गुण शेजाराने लागतो, वंशाने नाही. (तिथला ‘वाण’ म्हणजे रंग, बियाण्याचा वाण नव्हे.) मला तर हा शब्द त्याचसाठी आवडतो, कारण त्यात रक्ताचं आणि संगतीचं, दोन्ही मावतं. डुकराच्या वाढीचा वेग बऱ्यापैकी आईबापांकडून येतो, एका वेतात किती पिल्लं होणार हे मात्र आईबापांच्या रक्तावर फारच थोडं ठरतं. आणि एकाच वेताची पिल्लं पाहा. जन्मल्यावर काही दिवसांतच प्रत्येकाचा सड ठरून जातो. पुढच्या सडांना सहसा दूध जास्त, तिथलं पिल्लू अंग धरतं. मागच्या सडावर राहिलेलं सख्खं भावंड बारीकच राहतं.