उताऱ्यावर ‘टायटल अ‍ॅब्सोल्यूट’, तरी खरेदीदार मागे का हटतो?

प्रश्न : लंडनला नोकरीत असताना २००६ मध्ये वेम्बलीत फ्लॅट घेतला. २०१७ मध्ये आम्ही कायमचे पुण्याला परतलो. आता मुलीच्या शिक्षणासाठी तो विकायचा आहे. लँड रजिस्ट्रीच्या उताऱ्यावर ‘टायटल अ‍ॅब्सोल्यूट’ लिहिले आहे. तरी एक खरेदीदार ‘लीज कमी उरली’ म्हणत मागे हटला, दुसरा भाव पाडून मागतो आहे. लीज २००२ पासून ९९ वर्षांची. मी पूर्ण मालक नाही का?

उत्तर : नाही, आणि हे तुम्हाला खरेदीच्या वेळीच कुणी नीट समजावले नाही याचे मला वाईट वाटते. ‘अ‍ॅब्सोल्यूट’ या शब्दाने भलेभले फसतात.

उताऱ्याचे ए आणि बी हे भाग समोर ठेवा. तुमचा हक्क कोणत्या जातीचा, फ्रीहोल्ड (कायमची मालकी) की लीजहोल्ड (ठरावीक मुदतीचा भाडेपट्टा), हे ए भागात असते. तो हक्क कितपत पक्का, हे बी भागात. ‘अ‍ॅब्सोल्यूट’ हा बी भागातला शेरा आहे. लीजहोल्डला तो मिळतो तेव्हा रजिस्ट्रीने तुमच्याबरोबर जमीनमालकाचे टायटलही तपासलेले असते. ते तपासलेले नसेल तर ‘गुड लीजहोल्ड’, आणि कागद हरवून केवळ ताब्यावर हक्क सांगितला असेल तर ‘पझेसरी’. म्हणजे तुमचा पट्टा खणखणीत आहे, पण तो पट्टाच आहे. नवी मुंबईत सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावरची घरे आपण पाहतोच. तिथेही कागद चोख असले म्हणून मुदत वाढत नाही.

तुमची खरी अडचण ८० या आकड्यात आहे. तुमची लीज २०२१ मध्येच ८० वर्षांच्या खाली गेली. इंग्लंडमधील १९९३ च्या कायद्याने फ्लॅटधारकाला लीज ९० वर्षे वाढवून घेण्याचा हक्क दिला, वाढीनंतर भुईभाडेही (जमीनमालकाला द्यायचे वार्षिक भाडे) नाममात्र होते. पण ८० च्या खाली गेल्यावर लीज वाढल्याने जी जादा किंमत तयार होते, तिचा निम्मा वाटा जमीनमालकाला द्यावा लागतो. तिथे याला ‘मॅरेज व्हॅल्यू’ म्हणतात. तो रद्द करण्याची तरतूद २०२४ च्या कायद्यात आहे, मात्र त्या कायद्याची कलमे एकदम लागू झालेली नाहीत. लीजवाढीची नोटीस तुम्ही द्याल त्या दिवशी काय लागू आहे, हे तिथल्या सॉलिसिटरकडून (वकिलाकडून) लेखी घ्या.

माझा सल्ला असा की भाव पाडू नका. लीजवाढीचे काम करणाऱ्या सर्व्हेयरकडून आधी मूल्यांकन करून घ्या, मग जमीनमालकाला १९९३ च्या कायद्याच्या कलम ४२ ची, म्हणजे लीजवाढ मागणारी, नोटीस द्या. मुदतवाढ पूर्ण होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. नोटिशीचा लाभ विक्रीबरोबरच खरेदीदाराच्या नावे करून देता येतो, फक्त करारात तसे स्पष्ट हवे. घासाघीस करणाऱ्या खरेदीदाराला हेच दाखवा. जमीनमालकाशी परस्पर तोंडी सौदा मात्र टाळा. अशा सौद्यात ९० ऐवजी मोजकीच वर्षे मिळू शकतात, शिवाय जुन्या मुदतीपुरते भुईभाडे चालूच राहू शकते.

परदेशात राहत असताना घेतलेली तिथली मालमत्ता भारतात परतल्यावरही ठेवायला आणि विकायला फेमा या भारतीय परकीय चलन कायद्याच्या कलम ६(४) नुसार मुभा आहे, त्यामुळे ती काळजी सोडा. विक्री पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत ब्रिटनच्या कर खात्याला विवरण द्यावे लागते, तेही नफा शून्य असला तरी. इथेच बहुतेक जण दंड ओढवून घेतात. भारतातही हा नफा दाखवावा लागेल. तिथे भरलेल्या कराचे क्रेडिट मागता येते, म्हणून भरण्याच्या पावत्या सीएकडे त्याच आठवड्यात पोचवा.