वाचक विचारतात : एकच वायरमन, दोन साइट

प्रश्न : आमचं वायरिंगच्या कामांचं छोटं कंत्राट आहे. तीन साइट एकदम चालू, माणसं १४. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या कामांचं वेळापत्रक आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक साइटची फाइल केली आहे. तरी एकच वायरमन एकाच दिवशी दोन साइटवर लागतो आणि सॉफ्टवेअर गप्प राहतं. असं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कारण तिन्ही फायलींत माणसांच्या तीन स्वतंत्र याद्या आहेत. एकीतला वायरमन दुसरीला दिसतच नाही. एक चौथी फाइल करा, कामं नसलेली; तिच्या रिसोर्स शीटवर, म्हणजे माणसांच्या यादीवर, १४ नावं एकदाच लिहा. ती उघडी ठेवून प्रत्येक साइटच्या फाइलमध्ये रिसोर्स टॅबवरच्या रिसोर्स पूलमधून शेअर रिसोर्सेस उघडा, यूज रिसोर्सेसमध्ये ती चौथी फाइल निवडा. त्याआधी नावं तपासा. एका फाइलीत 'रमेश' आणि दुसरीत 'रमेश वायरमन' असेल, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन माणसं. एकदा जोडल्यावर फायलींची जागा किंवा नावं बदलू नका, जोड तुटते.

आता कामं आदळली की त्या ओळीपुढे लाल माणसाची खूण दिसेल. पण एक पळवाट उरतेच, आणि बहुतेक जण तिथेच फसतात. दोन्ही साइटवर वायरमन ५०-५० टक्के लावला, तर बेरीज १०० होते आणि लाल खूण येत नाही. ५० टक्के म्हणजे रोजचे ४ तास. हिंजवडीहून हडपसरला जाण्यातला वेळ त्यात कुठेच धरलेला नाही. त्यापेक्षा सोमवार ते बुधवार एक साइट, गुरुवार ते शनिवार दुसरी, अशी १०० टक्क्यांनीच वाटणी करा.

शनिवारी काम असेल तर तो आधी चालू करावा लागतो. मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवारचं असतं. चेंज वर्किंग टाइममध्ये शनिवार जोडा, आणि ऑप्शन्समध्ये आठवड्याचे तास ४० चे ४८ करा.

प्रश्न : एकाच माणसावर आदळलेली कामं सोडवायला 'लेव्हल ऑल' दाबलं की हँडओव्हरची तारीखच पुढे जाते. उपाय?
— तेच वाचक

उत्तर : लेव्हलिंग कामं पुढे ढकलतं. एका वायरमनऐवजी दुसरा लावणं त्याला जमत नाही. लेव्हलिंग ऑप्शन्समध्ये फक्त उपलब्ध स्लॅकमध्येच (शेवटची तारीख न हलता कामाला मिळणाऱ्या सवलतीतच) लेव्हल करण्याची खूण केली तर तारीख टिकते, पण न सुटलेली टक्कर तशीच राहते. ती हातानेच सोडवायची : प्रोफेशनल आवृत्तीत टीम प्लॅनर उघडून काम मोकळ्या माणसाच्या ओळीत ओढा.

तिन्ही साइट एकत्र लेव्हल करायच्या असतील तर पूलची फाइल (वरची चौथी) उघडताना विचारलेल्या तीन पर्यायांतला शेवटचा घ्या; सगळं एका मास्टर फाइलमध्ये उघडतं. त्याआधी प्रत्येक प्रोजेक्टची प्रायॉरिटी ठरवा. सगळ्यांना मुळात ५०० असते. तातडीच्या साइटला ८०० द्या. १००० दिलीत तर तिथलं एकही काम हलणार नाही, मग भार बाकीच्या साइटवर येतो. निकाल पटला नाही तर लेव्हलिंग मागे घ्यायला क्लिअर लेव्हलिंग आहेच.